डेबियनच्या दारातली रांग

संगणकावर नवं सॉफ्टवेअर बसवताना आपण बटण दाबतो आणि मोकळे होतो. ते कुणी तपासलं, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. आज मी अशा एका व्यवस्थेविषयी सांगणार आहे, जिथे हा प्रश्न आधी विचारला जातो.

डेबियन ही लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये ती सुरू केली. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान, या दोन नावांतून ‘डेबियन’ झालं. तिची मालक कुठली कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. देवनागरी अक्षरं दाखवणारा ‘लोहित’ फॉण्टही तिच्या भांडारात आहे.

समजा, तुम्हाला या भांडारात नवं सॉफ्टवेअर द्यायचं आहे. आधी ‘हे काम मी हाती घेतो आहे’ अशी जाहीर नोंद करायची, म्हणजे दोघे तेच काम करत बसत नाहीत. मग पॅकेज बांधायचं. लेखक कोण, परवाना कोणता, चालायला आणखी काय लागतं, हे सारं त्यात लिहायचं.

नवख्याला ते थेट भांडारात टाकता येत नाही. डेबियनचा एखादा सदस्य ते तपासतो आणि पटलं तर स्वतःच्या डिजिटल सहीनिशी पुढे पाठवतो. ही सही खरी असल्याची ग्वाही जुन्या सदस्यांनी, सहसा प्रत्यक्ष भेटून आणि ओळखपत्र पाहून, दिलेली असते. बँकेत खातं उघडताना जुना खातेदार ओळख देत असे, तसंच हे.

पुढे रांग. स्वयंसेवकांचा एक लहान गट प्रत्येक नवं पॅकेज पाहतो. भर परवान्यावर असतो. आतली एखादी फाइल जरी बदलायला किंवा वाटायला मनाई असेल, तरी पॅकेज परत येतं. कधी काही दिवस, तर कधी महिनेही जातात. लोक वैतागतात. पण भांडारातली फाइल जगभरच्या सर्व्हरवर उतरते. मग ती परत बोलावणं अवघड.

दार उघडल्यावरही परीक्षा संपत नाही. पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ विभागात जातं. त्याचं नाव ‘सिड’, ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या खेळणी मोडणाऱ्या मुलावरून ठेवलेलं! काही दिवस गंभीर दोष दिसला नाही, तर ते ‘टेस्टिंग’मध्ये जातं. त्यातूनच साधारण दोन वर्षांनी नवी ‘स्टेबल’ आवृत्ती निघते.

या टप्प्यांचं मोल मार्च २०२४ मध्ये कळलं. फाइली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा दडवला होता. त्या व्यक्तीने आधी दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावला होता. पॅकेज जुनं, म्हणून नव्यांच्या रांगेने ते अडलं नसतं. पण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ‘सिड’वर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्यांनी खोदून पाहिलं आणि बिंग फुटलं. चोरदरवाजा ‘टेस्टिंग’पर्यंत पोचला होता, ‘स्टेबल’पर्यंत नाही.

म्हणून मला वाटतं, या रांगेवर उपाय तपासणी सैल करण्याचा नाही, तपासणारे हात वाढवण्याचा आहे. त्यासाठी प्रोग्रामिंगच यायला हवं असं नाही. चाचणी करणं, दोष नीट कळवणं, मराठी भाषांतर करणं, यांतलं काहीही आपल्याला घरबसल्या सुरू करता येईल.