कर्जाचा विमा आणि अपंगत्वाचा अर्थ

घर बांधण्यासाठी कर्ज काढताना ज्या कागदांच्या गठ्ठ्यावर आपण सह्या करतो, त्यात विम्याचाही एक कागद असतो. त्याचा हप्ता पुष्कळदा एकरकमी घेऊन कर्जाच्याच रकमेत मिळविलेला असतो. म्हणजे त्या हप्त्यावरही आपण व्याज भरत राहतो. कर्जदार दगावला किंवा कायमचा अपंग झाला तर उरलेले कर्ज विमा कंपनी फेडील, एवढे तोंडी ऐकलेले आपल्या ध्यानात राहते. मूळ करार मात्र बँक आणि कंपनी यांच्यात झालेला असतो. कर्जदाराच्या हाती येते ते केवळ एक प्रमाणपत्र. पुढच्या तंट्याचे बीज येथेच पडते.

समजा, नांदेडच्या एका मालमोटारचालकाचा उजवा पाय अपघातानंतर गुडघ्याखाली कापावा लागला. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयातून त्यास अपंगत्वाचा दाखला मिळाला. त्याने कर्जविम्याचा दावा केला आणि कंपनीने उत्तर धाडले की, हे अपंगत्व ‘संपूर्ण’ नव्हे. मोटार चालविण्यावाचून दुसरा धंदा ज्याला ठाऊक नाही, त्याला ही थट्टाच वाटणार. पण रागावण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. अपंगत्वाची मापे निरनिराळी आहेत. सरकारी दाखला शरीराची हानी टक्क्यांत सांगतो. 2016 च्या कायद्यान्वये सवलतींसाठी तो आकडा निदान 40 लागतो. विमापत्र आपल्या स्वतःच्या व्याख्येने चालते. आणि तिसरे माप कमाईचे.

या तिसऱ्या मापाचा नामांकित दाखला 1975 सालचा आहे. एका सुताराचा डावा हात कामावर असताना झालेल्या अपघातामुळे कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याच्यापुरते हे संपूर्ण अपंगत्वच, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मात्र तो निर्णय कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखालचा होता, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते. विमापत्रात ‘दोन अवयव अथवा दोन्ही डोळे गमावणे’ एवढीच व्याख्या असेल, तर आमच्या मते मालमोटारचालकाची बाजू लंगडीच राहील. परंतु ‘उपजीविकेचे काम करण्यास कायमचा असमर्थ’ अशा अर्थाचे शब्द असतील, तर ती बरीच भक्कम आहे. म्हणून वादाचे पहिले पाऊल म्हणजे मूळ करारातील व्याख्या बँकेकडे आणि कंपनीकडे लेखी मागणे. ती कर्जदारास कधी दिलीच नव्हती असे निघाले, तरी ते त्याच्या पथ्यावर पडते. न कळविलेल्या वगळणुकीच्या कलमाचा आधार कंपनीस घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली म्हटले आहे.

दुसरे, नकाराचे कारण लेखी घ्यावे. नकारपत्रात जे कारण नाही ते कंपनीला मागाहून न्यायासनापुढे काढता येत नाही, हे 2019 च्या एका निकालाने स्पष्ट केले. फोनवरच्या गोड बोलण्याचा उपयोग शून्य. (टपालाची पोचपावती जपून ठेवणारा मनुष्य चेष्टेचा विषय होतो खरा, पण अशा प्रसंगी तोच तरतो.)

कागदांच्या त्रुटी काढून दावे नाकारण्याचा अनुभव खुद्द सरकारलाही आला आहे. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याचा हप्ता राज्य सरकार भरीत असे; मृत्यूस किंवा दोन अवयव गमावल्यास 2 लाख, एक हात वा पाय गेल्यास 1 लाख अशी ती योजना होती. कंपन्या दावे वेळेवर मंजूर करीत नाहीत, नसत्या त्रुटी काढतात, अशा तक्रारी झाल्यावर 2023 साली सरकारने कंपन्यांना बाजूस सारून थेट अनुदान सुरू केले. साध्या कर्जदारास असा मार्ग नाही. त्यास दाद मागावी लागते.

प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. एक महिना उत्तर आले नाही, किंवा आले ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. नांदेड आणि लातूर ही दोन्ही पुण्याच्या लोकपालाच्या कक्षेत येतात. तेथे फी नाही, वकील चालत नाही, आणि 50 लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो; कर्जदारास न रुचला तर ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. मात्र तेच प्रकरण आयोगापुढे चालू असताना लोकपाल ते हाती घेत नाही.

जिल्हा ग्राहक आयोग नांदेडलाही आहे आणि लातूरलाही. तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करण्याची मुभा 2019 च्या कायद्याने दिली, त्यामुळे कंपनीच्या मुंबईच्या कचेरीपर्यंत धावण्याचे कारण नाही. मुदत दोन वर्षांची. विम्याचा करार बँकेच्या हातून झाला असल्याने बँकेसही सामनेवाली करावे, असे आम्ही सुचवू. दावा बँकेच्याच टेबलावर पडून राहिला असेल तर ते विशेष अगत्याचे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. दावा चालू आहे म्हणून कर्जाचा हप्ता आपोआप थांबत नाही. नव्वद दिवसांहून अधिक हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि 2002 च्या कायद्याने बँक साठ दिवसांची नोटीस देऊन तारण घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागू शकते. विम्याचा वाद जिंकेपर्यंत घरच गेले, असे होऊ नये. म्हणून दावा दाखल होताच, हप्ता थकण्यापूर्वी, बँकेकडे मुदतवाढीचा अथवा हप्ता कमी करण्याचा अर्ज द्यावा, आणि वसुलीस तात्पुरती स्थगिती हवी अशी विनंती आयोगापुढील तक्रारीतच करावी.