येरवड्याचा संगणक, गावातला पडदा



तोड आली की फडावर घरचे माणूस लागतेच. म्हणून येरवड्याच्या कॉमरझोनमध्ये व आसपासच्या कंपन्यांत नोकरीस असलेली आपली मुले-मुली चार दिवस गावी येतात आणि घरूनच काम करतात. तेथील संगणकाशी जोडणी होते, अक्षरे दिसतात, पण चित्राची खिडकी काही उघडत नाही. मग ऊस काट्यावर जाण्याआधीच पोराला पुणे गाठावे लागते. गटभेटीत सभासद हे आम्हांस विचारतात, म्हणून थोडी माहिती देत आहोत.

'एसएसएच' म्हणजे दूरच्या संगणकापर्यंत टाकलेली बंद पाईपलाईन समजा. १९९५ साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी ती तयार केली. खिडक्या दाखविणारी 'एक्स' पद्धत त्याआधीची, अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८४ साली निघालेली. मेख अशी, की कार्यक्रम चालतो येरवड्याच्या संगणकावर, पण खिडकी रंगवितो घरचा संगणक. पुष्कळांची गफलत येथेच होते.

शेवटच्या सरीला पाणी पोहोचले नाही तर आपण मोटारीपासून क्रमाने पाहत जातो. येथेही तसेच करावे.

१) खिडकी रंगविणारा 'एक्स सर्व्हर' घरच्या संगणकावर चालू आहे ना? लिनक्सवर ही सोय बहुधा असतेच. मॅकवर 'एक्सक्वार्ट्झ', विंडोजवर 'एक्समिंग'सारखा कार्यक्रम बसवावा.

२) जोडणीच्या आज्ञेत '-एक्स' लिहिताना इंग्रजी अक्षर मोठेच हवे. लहान अक्षराने खिडकीची वाट उलट बंद होते.

३) पलीकडे गेल्यावर 'डिस्प्ले'ची नोंद पाहावी. 'लोकलहोस्ट:१०.०' असे काही दिसले तर वाट खुली आहे. नोंद रिकामी असेल तर ती हाताने भरू नये. बहुधा तेथे 'एक्सऑथ' बसविलेले नसते, नाहीतर 'एक्स११ फॉरवर्डिंग'ला परवानगी नसते. ते काम कंपनीच्या संगणक-व्यवस्थापकाचे.

४) खिडकी उघडते पण रखडते? मग मोठ्या अक्षरात '-सी' जोडावे. माहिती आवळून पाठविली जाते. संथ लाईनीवर फरक पडतो.

एक मात्र करू नये. 'एक्सहोस्ट +' ही आज्ञा दिली की काम होते, असे कोणी सांगेल. पण हे म्हणजे पाण्यासाठी बांधच फोडणे! आपल्या पडद्यापर्यंत पोहोचणारा कोणीही मग पडदा पाहू शकतो, टंकलेला पासवर्डही टिपू शकतो.

एवढे करूनही अडले तर लहान अक्षरात '-व्ही' जोडावे. जोडणी कोठे अडली ते ओळीने दिसते. त्या ओळी व्यवस्थापकाकडे पाठवाव्यात. नुसते "चालत नाही" म्हणण्यापेक्षा दुरुस्ती लवकर होईल आणि फडावरचे माणूस फडावरच राहील.

— ऊस विकास अधिकारी