मेंडोझात वायनरी पाहायच्या तर…

अर्जेंटिनातलं मेंडोझा अँडीजच्या पायथ्याशी आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. वेली जगतात त्या डोंगरावरून वितळून येणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. ते पाटांनी मळ्यांत खेळवलेलं असतं. शहरातही रस्त्याकडेला असे उघडे पाट आहेत, अंधारात जपून चाला. माल्बेक हे इथलं मानाचं द्राक्ष; मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने ते १८५३ मध्ये आणलं. इथल्या उको खोऱ्यातले मळे साधारण ९०० ते १,५०० मीटर उंचीवर. दिवसा कडक ऊन, रात्री गारवा, त्यामुळे द्राक्षाचा रंग गडद होतो आणि आंबटपणाही टिकतो. वेलींवरची जाळी गारपिटीपासून बचावासाठी असते. नाशिकच्या बागायतदाराला ही धास्ती समजावून सांगायला नको.

तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल. मार्चच्या सुरुवातीला वेंदिमिया हा सुगीचा उत्सव, तेव्हा हॉटेलं फार आधी ठरवा. बहुतेक वायनरींत वेळ घेऊनच जावं लागतं. दिवसाला दोन, फार तर तीन पुरेत. शहरालगतचा मायपू हा वायनरींचा भाग सायकलवरून होतो. उको खोरं शहरापासून तासाभराहून लांब, तिथे चालकासह गाडी हवीच. चव घेऊन वाईन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते बिनसंकोच वापरा.