खिशातलं पातं

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते एकदा नीट पाहिले की घरच्या अडकित्त्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहणं जमत नाही. पोपट, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या! सुपारी कातरायच्या एवढ्याशा हत्यारावर कुणी तरी किती जीव लावलाय, हे तिथे कळतं.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. खेडोपाडी, वाड्यावाड्यांतून फिरून त्यांनी दिवे, फण्या, अडकित्ते जमवले आणि पत्नी कमलाबाईंनी त्यांना साथ दिली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं राहिलं, आणि १९७५ मध्ये केळकरांनी ते राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. पूर्वजांच्या तलवारी जपणारे पुष्कळ होते. केळकरांनी तलवारीचा मान अडकित्त्याला दिला, आणि मला त्यांचं हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

खिशातले चाकू जमवण्याचा छंद जगभर आहे. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० च्या सुमारास केलेला लाकडी मुठीचा साधा चाकू आजही बनतो आणि विकला जातो. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी त्याहून साधा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं आणि उघडल्यावर अंगठ्याखाली दाबून धरायची छोटी शेपटी, एवढाच त्याचा संसार. एके काळी शाळकरी मुलं त्याने पेन्सिलीला टोक काढत. ते नाव हक्काने लावणारं एकच घर आता उरलं आहे. आपल्याकडच्या रामपुरीला हिंदी सिनेमाने गुंडाच्या हाती दिलं. ती बदनामी पुसण्यासाठी रामपूर शहराने २०२३ मध्ये एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकूच उभा केला.

लातूर जिल्ह्यातल्या औशात राहून हा छंद करायचा तर सुरुवात अडकित्त्यापासूनच करावी लागते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसाच्या कमरेला किंवा खिशात चंची असे. तिच्या कप्प्यांत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि अडकित्ता. मिटून जवळ बाळगायचं आपलं पातं ते हेच.

औसा तालुक्यातल्याच एका घरातून आलेला एक अडकित्ता माझ्याजवळ आहे. मुठी ओतीव पितळेच्या, पातं पोलादी. ते पितळेच्या खाचेत बसवून दोन बारीक खिळ्यांनी पक्कं केलंय. वरच्या मुठीवर पोपट आहे, पण त्याची चोच आणि डोळा अंगठ्याने घासून पार सपाट झालेत. पात्याचा मधला भाग सहाणेवर घासून घासून आत गेलाय. हा शोभेचा नव्हता, रोज चालणारा होता, हे त्याच्या झिजेवरूनच समजतं. सांध्याच्या खिळ्यापासून सुपारी एक इंचावर आणि हात पाच इंचांवर असेल तर बोटांचा जोर सुपारीवर पाचपट पडतो. म्हणून तर म्हाताऱ्या हातांनाही खडखडीत सुपारी कातरता यायची.

बाजारात ‘अँटिक’ म्हणून काळपट रंग चढवलेले नवे अडकित्ते भरपूर मिळतात. पात्याला लोहचुंबक लावून पाहावा. पातंही पितळी निघालं तर ती शोभेची वस्तू समजावी. मग सांधा पाहावा. काळपटपणा आठवड्यात आणता येतो, पण वर्षानुवर्षं उघडझाप झालेल्या खिळ्याची झीज आणता येत नाही.

दुसरं जमवण्याजोगं पातं म्हणजे कलमाचा चाकू. आंब्याची, गुलाबाची कलमं बांधणाऱ्यांच्या खिशात तो आजही असतो. त्याची धार बहुधा एकाच बाजूने काढलेली असते, म्हणजे काप सपाट येतो आणि खुंट व काडी एकमेकांना घट्ट भिडतात. डोळा भरण्याच्या चाकूला मागे एक बोथट जीभ असते. तिने साल अलगद उचलून आत डोळा बसवतात. एवढ्याशा जिभेत किती अनुभव साठलाय!

पण ही पाती घडवणारे कोण, हे विचारलं की उत्तर मिळत नाही. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सच्या चाकूवर चांदणी आणि क्रॉस ही खूण असे. ती पाहून संग्राहक कारखाना ओळखतो आणि काळाचाही अंदाज बांधतो. आपल्या लोहाराने पात्यावर नाव घातलं नाही. गावोगाव पाल टाकून राहणारे घिसाडी ट्रकच्या पाट्याचे तुकडे भट्टीत लाल करतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते. मग त्या पात्याला पाणी द्यायचं, तेही नजरेच्या अंदाजाने. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला तापलं की लोहचुंबकाला चिकटेनासं होतं. घिसाड्याला चुंबक लागत नाही, तो रंग पाहतो. पाणी जास्त झालं तर धार झडते, कमी पडलं तर दुमडते. हे सगळं ज्ञान हातात आहे, कागदावर कुठेच नाही.

शिकलकरी शिखांचंही तसंच. हत्यारं घडवणं आणि त्यांना धार-चमक आणणं हा त्यांचा पिढीजात धंदा. नांदेडला गुरू गोविंदसिंहांचं १७०८ मध्ये निर्वाण झालं. तिथल्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये दिवाळीच्या सुमारास तख्तस्नान होतं, तेव्हा जुनी शस्त्रं गोदावरीच्या पाण्याने स्वच्छ केली जातात. शस्त्राची निगा हीच सेवा मानणारी परंपरा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात जिवंत आहे. मराठवाड्यातल्या पात्यांचा अभ्यास करणाऱ्याने औशाहून पुण्याला जाण्याआधी नांदेडला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात अशा वस्तू कमी दिसतात, त्याला एक मोठं कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी औसा तालुक्यातलंच. दगड-मातीच्या भिंतींवरची जड माळवदं माणसांवर कोसळली. त्या घरांच्या कोनाड्यांत, फडताळांत पिढ्यान् पिढ्या ठेवलेल्या वस्तूही तिथेच गाडल्या गेल्या. बावन्न गावं नव्या जागी वसली. नव्या घरांत माळवद नव्हतं, कोनाडे नव्हते, आणि ज्यांची माणसं गेली त्यांना अडकित्त्याची आठवण कुठून असणार? म्हणून या तालुक्यात एखादा जुना अडकित्ता वाचलेला दिसला की मला त्याची किंमत विचारवत नाही.

जमवणाऱ्याने कायदाही जाणावा. घर, शेती, विज्ञान, उद्योग यांसाठी नसलेल्या, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूला शस्त्र नियमांत शस्त्र धरलं आहे. कलेची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते आणि परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. निगा मात्र सोपी आहे. पितळ चिंचेने घासून लख्ख करू नये, कारण त्यावर चढलेला काळ त्याच घासणीत जातो. पाती कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात द्यावा, आणि चामड्यात गुंडाळून ठेवू नये, चामडं ओल धरतं.

दिवाळीला घरोघर साफसफाई होते. त्या वेळी जुना अडकित्ता, कलमाचा चाकू, आजोबांची चंची भंगारात किलोवर घालू नका. एक चिठ्ठी लिहा: वस्तू कुणाची, गाव कोणतं, कुठल्या बाजारातून घेतली, कुणी घडवली, धार कोण लावत असे. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना आजच विचारा. ती चिठ्ठी वस्तूला बांधून ठेवा, आणि घरात जपणं होणार नसेल तर चिठ्ठीसकट एखाद्या संग्रहालयाला द्या.