निकालपत्रकातील तांबडी शाई

निकालपत्रक तपासणारा कारकून काय करतो, ते आठवून पाहा. यादीवर बोट ठेवून तो एकेक नाव खाली उतरतो. गुण पस्तिसाच्या खाली दिसले, की तांबड्या शाईने खूण करतो. नाही तर बोट पुढे सरकते. यादी संपली की काम संपले. संगणकाच्या पडद्यावरील वेबपानाला असाच रंग द्यायचा, तर याहून निराळे काही करावे लागत नाही. बोटाचे खाली उतरणे म्हणजे लूप, आणि ‘कमी असतील तर’ हा विचार म्हणजे इफ.

वेबपानाचे काम तिघांत वाटलेले असते. एचटीएमएल मजकूर मांडते, सीएसएस त्याला रंगरूप देते, आणि जावास्क्रिप्ट त्यात जिवंतपणा आणते. ही तिसरी भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली. चुकीला अडवण्यापेक्षा ती सांभाळून घेण्याकडे तिचा कल, आणि तोच पुढे आपल्याला नडणार आहे.

आता कृती. क्वेरीसिलेक्टरऑल ही आज्ञा पानावरील गुणांचे सगळे रकाने गोळा करून देते. मोजणी मात्र शून्यापासून. शंभर विद्यार्थी असले तर शेवटचा क्रमांक ९९. लूपला १०० पर्यंत धावू दिलेत, की जिथे कोणीच नाही तिथे तो गुण विचारायला जातो आणि काम अडते. प्रत्येक रकान्यापाशी इफ विचारतो, गुण ३५ हून कमी आहेत काय? असतील, तर रकान्याला ‘नापास’ नावाचा क्लास चिकटवायचा. तांबडा रंग थेट लावता येत नाही असं नाही. पण क्लास लावला की रंगाचा कारभार सीएसएसकडे राहतो, आणि उद्या रंग बदलायचा तर प्रोग्रामात हात घालावा लागत नाही.

एल्स विसरू नका. फेरतपासणीत एखाद्या मुलीचे ३३ चे ३८ झाले, लूप पुन्हा फिरला. पण ‘नाही तर क्लास काढा’ असे सांगितलेच नसेल, तर ती उत्तीर्ण होऊनही तांबडीच राहते.

खरी मेख पुढे आहे. पानावरून वाचलेले गुण जावास्क्रिप्टच्या लेखी आकडे नसून अक्षरे असतात. उत्तीर्णतेची मर्यादाही पानावरच्या चौकटीतून घेतली, तर तुलना शब्दकोशातल्यासारखी, पहिल्या अक्षरापासून होते. मग १ हा ३ च्या आधी, म्हणून शंभर गुणांचा मुलगा नापास. आणि ९ हा ३ च्या नंतर, म्हणून नऊ गुणांचा पास! तुलनेपूर्वी नंबर या आज्ञेने दोन्हींचे आकडे करून घ्यावेत.

मराठी पानावर तेवढ्यानेही भागत नाही. नंबरला इंग्रजी अंकच कळतात. देवनागरीतले ‘३५’ दिले, की तो ‘आकडा नव्हे’ असा शेरा मारतो, आणि या शेऱ्याशी केलेली कोणतीही कमी-अधिक तुलना खोटीच ठरते. परिणाम काय? इफची अट एकदाही खरी होत नाही आणि सगळा वर्ग उत्तीर्ण! यंत्राची तक्रार नाही, की सूचना नाही. उपाय अवघड नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे, आणि पुढचे अंक नवापर्यंत ओळीने बसवलेले आहेत. चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो.

राहता राहिले रिकामे रकाने. त्यांचे नंबर शून्य करतो, म्हणजे ज्याचे गुण भरायचे राहिले तो बिचारा नापास. उलट रकान्यात ‘गैरहजर’ लिहिले असेल, तर पुन्हा ‘आकडा नव्हे’, म्हणजे पास. यासाठी आधी ‘रकाना रिकामा आहे काय?’, मग ‘हा आकडा आहे काय?’ आणि त्यानंतरच गुणांची अट, अशा क्रमाने इफ लावावेत. पहिल्या दोन प्रश्नांपाशी अडलेल्यांना करडा रंग द्या, आणि ती नावे माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. शिवाय शेजारच्या रकान्यात ‘नापास’ हा शब्दही उमटवा. तांबड्या-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही, तेही निकाल पाहायला येतात.