टोचन

यंदा 15 ऑक्टोबरला, लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या आमच्या ईएमई कोअरच्या वर्धापनदिनी, साताऱ्यात आम्ही पेन्शनर मंडळी जमलो होतो. रजेवर आलेला आमच्याच ट्रेडचा एक हवालदार सहज बोलून गेला, "साहेब, नव्या गाडीचं बॉनेट आम्ही उघडतो ते पाणी बघायला. बाकीचं कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो." सगळे हसले. मला जेवण गेलं नाही.

सिकंदराबादचं ट्रेनिंग, परेड, कोर्स, बदल्या... त्यात सांगण्यासारखं काही नाही. यथावकाश नायब सुभेदार झालो, मग सुभेदार. गावाला मात्र मी शेवटपर्यंत 'मिलिटरीतला मेकॅनिक'.

माझी खरी नोकरी नव्वदच्या दशकातली. जर्मन मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनणारी शक्तिमान 1996 साली बंद झाली. स्टॅलियन येऊ लागली, जोंगाच्या जागी जिप्सी दिसू लागली. जुन्या गाड्या मात्र धावतच होत्या, आणि पार्ट मिळेनासे झाले. मग एका कंडम गाडीचा फीड पंप दुसरीला. कागदावर हा गुन्हा. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी टायरला काळा रंग मारून, बंद गाड्या मागच्या रांगेत ढकलून फळ्यावर 'नादुरुस्त: शून्य' लिहिणं हा मात्र गुन्हा नव्हे! एका साहेबांनी त्या शून्याखाली माझी सही मागितली. मी दिली नाही. सुभेदारी दोन वर्षं रखडली ती त्या सहीपायी, असं मी म्हणतो. बायको म्हणते, तोंडापायी.

जून 1999, कारगिलचं युद्ध, द्रास. तोलोलिंग शिखरावर शत्रू बसलेला. त्याला खालचा रस्ता दिसायचा, म्हणून कॉन्व्हॉय रात्रीचे, दिवे बंद करून. तोफगोळे भरलेली एक शक्तिमान ऐन वळणावर बंद पडली. मागे सगळी रांग. डिझेलमध्ये हवा शिरली होती. टॉर्चला लाल फडकं, तेही अंगाखाली धरून. ब्लीड स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि हातपंप मारत राहिलो. अंधारात डिझेल दिसत नाही, ते बोटावर घ्यायचं. हवा असेल तोवर थुंकल्यासारखं तुटक लागतं, हवा संपली की गार, सलग धार. धार लागली, स्क्रू आवळला. ड्रायव्हर तमिळ, त्याची भाषा मला येत नव्हती. सेल्फ मारल्यावर इंजिनाने पहिला ठोका दिला, तेव्हा दोघांना एकदमच कळलं.

2017 मध्ये संरक्षण खर्चाचा विचार करणाऱ्या शेकटकर समितीच्या शिफारशींवरून लष्कराच्या बेस आणि स्टेशन वर्कशॉपच्या फेररचनेला मंजुरी मिळाली. खर्चाचा हिशेब बरोबर असेलही. पण वॉरंटीचं सील तुटेल म्हणून पाना पेटीतच राहिला, तर पोराच्या बोटाला ती धार कळणार कधी?

निघताना हवालदाराला विचारलं, "आणि गाडी घाटात बंद पडली, कंपनीचा माणूस खाली असला, तर?"

"मग टोचन लावतो, साहेब."