व्हिडिओतला मजकूर फाइलीत कसा उतरवावा?

मागाची जोडणी आणि दुरुस्ती दाखवणारे व्हिडिओ आता कारखानदारांच्या हाती येतात. बोलणाऱ्याचे शब्द पडद्याच्या तळाशी उमटत असतात. असाच एक व्हिडिओ आला तेव्हा आम्ही तो थांबवत थांबवत सगळा मजकूर हाताने उतरवून घेतला. चार दिवस गेले, तरी ताणाचे दोन आकडे चुकलेच. मागाहून कळले, की तो मजकूर व्हिडिओतच अक्षररूपात भरलेला होता! आमच्यासारखी फुकट मेहनत इतरांना पडू नये म्हणून हे लिहितो.

व्यापारी बंधूंनो, आधी एक गोष्ट तपासावी. मजकूर बंद-चालू करता येतो काय? येत असेल तर तो क्लोज्ड कॅप्शन, म्हणजे चित्रापासून वेगळा. येत नसेल तर तो कापडावरच्या पक्क्या छापासारखा चित्रातच मिसळलेला. तो काढायला अक्षरे ओळखणारे ओसीआर लागते आणि त्यात चुका होतात.

ही सोय अमेरिकेत बहिऱ्या प्रेक्षकांसाठी १९८० साली सुरू झाली. तेथील १९९० च्या कायद्यानुसार जुलै १९९३ पासून १३ इंच व त्याहून मोठ्या टीव्हीत ती वाचण्याची यंत्रणा सक्तीची झाली. चित्राच्या न दिसणाऱ्या २१ व्या रेषेतून दर चौकटीला दोन बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० बाइट जात. डिजिटल व्हिडिओत हेच बाइट चित्राच्या डेटात घालतात.

प्रोग्राम हे बाइट वाचून अक्षरे आणि हुकूम वेगळे करतो. बहुधा अक्षरे आधी पडद्याआड साठतात, मग ‘दाखवा’ हा हुकूम येतो. वेळ नोंदवायची ती या हुकुमाची. माल गोदामात उतरला ती तारीख वेगळी, गिऱ्हाइकाला दाखवला ती वेगळी! हे चुकले तर मजकूर बोलण्याच्या पुढे धावतो. एसआरटी फाइलीत क्रमांक, सुरू व संपण्याची वेळ, मजकूर आणि एक कोरी ओळ, एवढीच नोंद असते.

यासाठी नवा प्रोग्राम लिहून घेण्याची गरज नाही. मजकुराचा ट्रॅक वेगळा असेल तर एफएफएमपेग आणि चित्राच्या डेटात दडलेला असेल तर सीसीएक्स्ट्रॅक्टर हे काम करते. दोन्ही मोफत आहेत. २१ व्या रेषेच्या पद्धतीत देवनागरी किंवा उर्दू अक्षरे नाहीत. अशा भाषांचा मजकूर वेगळ्या ट्रॅकमध्ये किंवा फाइलीत असतो. तो यूटीएफ-८ मध्येच साठवावा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात.

व्हिडिओ दुसऱ्याचा असेल तर मजकूर छापून वाटण्याआधी मालकाची परवानगी घ्यावी. आणि फाइल निघाली म्हणजे हिशेब जुळला असे समजू नये. कॅप्शन लिहिणाऱ्याची चूक फाइलीतही जशीच्या तशी उतरते. म्हणून मागाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक आकडा व्हिडिओतल्या बोलण्याशी ताडून पाहावा.